दुचाकीस्वाराची दृश्यमानता आणि रस्ता सुरक्षा : ठळक रंगाच्या व परावर्तक पोशाखाचा चिकित्सक अभ्यास

सारांश :

भारतातील रस्ते अपघातांत सर्वाधिक बळी दुचाकीस्वारांचे जातात. 'समोरचा दिसलाच नाही' हे वाक्य अशा अपघातांनंतर वारंवार ऐकू येते. त्यामुळे भडक पोपटी रंगाचे, परावर्तक पट्ट्या असलेले जॅकेट दुचाकीस्वाराने वापरावे, असे सुचविले जाते. हा उपाय कितपत परिणामकारक आहे, तो कोणत्या परिस्थितीत उपयोगी पडतो आणि कोणत्या परिस्थितीत निरुपयोगी ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उपलब्ध पुराव्यांवरून असा पोशाख उपयुक्त आहे, असे म्हणता येते. परंतु त्याचा परिणाम रंगाच्या भडकपणापेक्षा पार्श्वभूमीशी असलेल्या विरोधावर, प्रकाशाच्या दिशेवर आणि पाहणाऱ्याच्या अवधानावर अवलंबून असतो. तो हेल्मेटला पर्याय नाही, तसेच इतर वाहनचालकांची जबाबदारी कमी करणाराही नाही.

बीजसंज्ञा : दुचाकीस्वार, दृश्यमानता, परावर्तक पोशाख, हेल्मेट, अवधान, रस्ता सुरक्षा

१. प्रस्तावना :

स्वस्त, सुटसुटीत आणि अरुंद रस्त्यावरूनही जाऊ शकणारे वाहन म्हणून दुचाकीने मध्यमवर्गीय व ग्रामीण कुटुंबात कायमचे स्थान मिळविले आहे. शेतकरी, नोकरदार, फेरीवाला, घरपोच वस्तू पोहोचविणारा कामगार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी हे सर्वच घटक तिच्यावर अवलंबून आहेत. मात्र या सोयीची किंमतही मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार इ.स. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के, म्हणजे जवळपास ७५ हजार व्यक्ती दुचाकीवरील होत्या. महाराष्ट्रात त्याच वर्षी सुमारे १५ हजार लोकांना रस्त्यावर प्राण गमवावे लागले.

दरवर्षी जानेवारी महिन्यात रस्ता सुरक्षा अभियान राबविले जाते. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विभाग त्यात सहभागी होतात. फेऱ्या, घोषवाक्ये, पथनाट्ये यांच्या जोडीला 'रेडियम' पट्ट्या आणि जॅकेट वाटपाचे कार्यक्रमही होतात. या कार्यक्रमांमागील हेतू निर्विवादपणे चांगला आहे. तथापि मर्यादित निधी कशावर खर्च करावा, विद्यार्थ्यांना नेमके काय सांगावे, जॅकेटची सक्ती करावी काय, हे प्रश्न केवळ सद्हेतूने सुटणारे नाहीत. त्यासाठी पुराव्यांची छाननी आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच होय.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

अ) ठळक रंगाचा व परावर्तक पोशाख कोणत्या तत्त्वावर कार्य करतो, हे स्पष्ट करणे.
ब) या पोशाखाच्या परिणामकारकतेविषयी झालेल्या प्रमुख संशोधनांचा आढावा घेणे.
क) या संशोधनांचे निष्कर्ष भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील परिस्थितीला कितपत लागू पडतात, याचा विचार करणे.
ड) महाविद्यालयीन पातळीवर उपयुक्त ठरतील अशा सूचना करणे.

सदर अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो द्वितीयक साधनसामग्रीवर आधारित आहे.

३. संकल्पनांचे स्पष्टीकरण :

सामान्य बोलण्यात 'चमकणारे जॅकेट' असा एकच शब्दप्रयोग केला जात असला, तरी अशा जॅकेटमध्ये दोन भिन्न गुणधर्मांचे कापड असते. त्यांतील फरक लक्षात घेतल्याशिवाय जॅकेटचा उपयोग समजणार नाही.

पहिला प्रकार फ्लोरोसंट कापडाचा. हे कापड सूर्यप्रकाशातील अतिनील व कमी तरंगलांबीचे किरण शोषून घेते आणि ती ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. त्यामुळे ते आजूबाजूच्या साध्या रंगांपेक्षा अधिक उजळ भासते. भरदिवसाच्या प्रकाशात मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. पोपटी रंगाची निवड होण्याचे हे एक कारण आहे. ढगाळ हवा, पहाट व संधिप्रकाश या वेळी हे कापड विशेष उपयोगी पडते. रात्री मात्र अतिनील किरणांचा पुरवठा थांबतो आणि त्याचे वैशिष्ट्य जवळजवळ नाहीसे होते.

दुसरा प्रकार परावर्तक पट्टीचा. बाजारात व गॅरेजमध्ये तिला सर्रास 'रेडियम' म्हटले जाते. वस्तुतः रेडियम या किरणोत्सारी मूलद्रव्याशी तिचा काहीही संबंध नाही. या पट्टीत काचेचे सूक्ष्म मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश इतस्ततः न विखुरता ज्या दिशेने आला त्याच दिशेने बहुतांशी परत जातो. म्हणून गाडीच्या हेडलाइटचा झोत पट्टीवर पडला, की त्या गाडीच्या चालकाला ती लखलखीत दिसते. दिवसा मात्र तीच पट्टी करडी, साधी भासते. थोडक्यात, फ्लोरोसंट कापड दिवसाचे आणि परावर्तक पट्टी रात्रीची. युरोपातील ईएन आयएसओ २०४७१ व भारतातील आयएस १५८०९ ही मानके अशा पोशाखासंबंधीची आहेत.

परावर्तक पट्टीची एक मर्यादा येथेच नोंदविणे आवश्यक आहे. पट्टीला स्वतःचा प्रकाश नसतो. मागून येणाऱ्या ट्रकचा झोत दुचाकीस्वाराच्या पाठीवर पडतो, तेव्हा पट्टी आपले काम चोख बजावते. परंतु फाट्यावर आडव्या रस्त्यातून मुख्य रस्त्यावर येऊ पाहणाऱ्या मोटारीचे दिवे समोर रोखलेले असतात. उजवीकडून येणाऱ्या दुचाकीवर त्यांचा झोत पडतच नाही. अशा वेळी पट्टी कितीही उत्तम प्रतीची असली, तरी त्या चालकाच्या दृष्टीने ती अंधारातच राहते. तेथे दुचाकीचा स्वतःचा हेडलाइट हाच आधार असतो.

४. 'दिसलाच नाही' या कारणाची मीमांसा :

दुचाकीस्वार न दिसणे हे अपघाताचे खरोखरच महत्त्वाचे कारण आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारात घ्यावा लागतो. या संदर्भात अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी सहकाऱ्यांसह केलेला आणि इ.स. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पायाभूत मानला जातो. लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची प्रत्यक्ष स्थळी जाऊन त्यांनी तपासणी केली. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकेचे होते. अशा धडकांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने दुचाकीचा मार्गहक्क डावलला होता. दुचाकी वेळीच लक्षात न येणे, हे त्यामागील प्रमुख कारण असल्याचे आढळले.

युरोपातील फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स व स्पेन या पाच देशांत 'मेड्स' या नावाने ओळखला जाणारा सखोल अभ्यास झाला. त्यात ९२१ अपघातांची तपासणी करण्यात आली. सुमारे निम्म्या अपघातांत दुसऱ्या वाहनचालकाची चूक, तर सुमारे ३७ टक्के अपघातांत स्वतः दुचाकीस्वाराची चूक मुख्य कारण होती. दुसऱ्या वाहनचालकांच्या चुकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक चुका दुचाकी लक्षात न येण्याच्या होत्या. हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचल्यास 'दिसलाच नाही' ही केवळ सबब नसून अनेकदा ती वस्तुस्थिती असते, असे म्हणावे लागते.

परंतु 'न दिसणे' ही एकच घटना नाही. तिचे किमान चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार म्हणजे दृष्टीच्या मार्गातील अडथळा. मोटारीच्या समोरच्या काचेलगतचा खांब, उभी असलेली बस किंवा वळणावरील भिंत यांच्या आड दुचाकी संपूर्णपणे झाकली जाते. येथे कोणताही रंग उपयोगी नाही.

दुसरा प्रकार म्हणजे दुचाकी पार्श्वभूमीत मिसळून जाणे. ठळक पोशाखाचे खरे कार्यक्षेत्र हे आहे.

तिसरा प्रकार म्हणजे डोळ्यांसमोर असूनही लक्षात न येणे. मानसशास्त्रात यास अनवधानजन्य अंधत्व म्हणतात. मोस्ट व ॲस्टर यांनी इ.स. २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना कृत्रिम वाहनचालन यंत्रावर ठरावीक रंगाचे बाण शोधत गाडी चालविण्यास सांगितले होते. अचानक आडवी आलेली मोटारसायकल त्या शोधत असलेल्या रंगाची असेल, तर ती वेळेत लक्षात येत असे. ती दुसऱ्या रंगाची असेल, तर धडकेचे प्रमाण बरेच वाढत असे. म्हणजेच मन ज्याचा शोध घेत असते तेच डोळ्यांना आधी दिसते.

चौथा प्रकार म्हणजे दुचाकी दिसली तरी तिच्या अंतराचा व वेगाचा अंदाज चुकणे. मोठी वस्तू लवकर पोहोचेल आणि लहान वस्तू उशिरा पोहोचेल, असा भास मनुष्याला होतो. हॉर्सविल व सहकाऱ्यांनी इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच वेळेत पोहोचणाऱ्या मोटारीपेक्षा मोटारसायकल उशिरा पोहोचेल असा अंदाज निरीक्षकांनी केल्याचे दिसून आले. 'अजून लांब आहे' असे समजून वळण घेणाऱ्या चालकाला दुचाकीस्वार दिसलेला असतो. चुकलेला असतो तो हिशेब. पोपटी जॅकेट हा हिशेब दुरुस्त करू शकत नाही.

या वर्गीकरणावरून स्पष्ट होते, की पोशाखाचा लाभ प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात आणि काही अंशी तिसऱ्या प्रकारात संभवतो. म्हणून या उपायाकडून सर्व अपघात टळण्याची अपेक्षा करणे अयोग्य ठरते.

५. पोशाखाच्या परिणामाविषयीचे पुरावे :

न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरात इ.स. १९९३ ते १९९६ या काळात सुसान वेल्स व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या विषयावरील सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास आहे. तो इ.स. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात मृत्यू पावलेल्या किंवा जखमी झालेल्या ४६३ दुचाकीचालकांची तुलना त्याच परिसरातील रस्त्यांवर यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,२३३ दुचाकीचालकांशी करण्यात आली. परावर्तक किंवा फ्लोरोसंट पोशाख वापरणाऱ्यांमध्ये अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांमध्ये तो २४ टक्क्यांनी, तर दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांमध्ये २७ टक्क्यांनी कमी आढळला. याउलट समोरून दिसणाऱ्या साध्या कपड्यांच्या किंवा मोटारसायकलच्या रंगाचा धोक्याशी संबंध आढळला नाही. म्हणजे पिवळा सदरा आणि फ्लोरोसंट पिवळे जॅकेट या दोन वेगळ्या गोष्टी होत.

हे आकडे वाचताना संख्याशास्त्रीय सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. पोशाखाच्या बाबतीत ९५ टक्के विश्वास मर्यादा ०.४२ ते ०.९४ अशी होती. याचा अर्थ धोक्यातील खरी घट ५८ टक्क्यांइतकी मोठी किंवा केवळ ६ टक्क्यांइतकी लहान असू शकते. शिवाय हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. जो मनुष्य स्वतःहून परावर्तक जॅकेट घालतो तो बहुधा वेगही आवरता ठेवतो, मद्यपान करून गाडी चालवीत नाही आणि अंतर राखून चालतो. संशोधकांनी अशा घटकांचा प्रभाव गणिताने वजा केला असला, तरी सावध स्वभावाचे संपूर्ण मोजमाप करणे कठीण असते.

ही अडचण यादृच्छिक नियंत्रित प्रयोगाने बऱ्याच अंशी दूर होते. मोटारसायकलस्वारांवर असा मोठा प्रयोग करणे अवघड असले, तरी डेन्मार्कमध्ये सायकलस्वारांवर तो करण्यात आला. ६,७९३ सायकलस्वारांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या सुमारे निम्म्या जणांना पिवळे फ्लोरोसंट जॅकेट देण्यात आले आणि वर्षभर अपघातांची नोंद ठेवण्यात आली. इ.स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दुसऱ्या वाहनाशी वा व्यक्तीशी झालेले जखमी करणारे अपघात जॅकेट गटात ४७ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र एक विसंगती संशोधकांच्या लक्षात आली. एकट्याने घसरून पडण्याच्या अपघातांची नोंदही या गटात कमी होती. जॅकेटमुळे घसरणे थांबत नाही. म्हणजे जॅकेट मिळालेल्यांनी अपघात कळविण्यातच काहीशी कुचराई केली असावी. त्यासाठी दुरुस्ती केल्यावर घट ३८ टक्के राहिली. सायकल व मोटारसायकल यांच्या वेगात फरक असल्याने हा आकडा जसाच्या तसा दुचाकीला लावता येणार नाही. तरीही दोन स्वतंत्र पद्धतींचे निष्कर्ष एकाच दिशेला निर्देश करतात, ही बाब महत्त्वाची आहे.

भारतीय परिस्थितीशी अधिक जवळचे उदाहरण मलेशियाचे आहे. तेथेही मोटारसायकलींची संख्या मोठी आहे. इ.स. १९९२ मध्ये तेथे दिवसा हेडलाइट चालू ठेवण्याची मोहीम राबविण्यात आली. सेरेंबान व शाह आलम या भागांतील अपघातांच्या विश्लेषणात, दृश्यमानतेशी निगडित अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे रादिन उमर व सहकाऱ्यांनी दाखविले. हा परिणाम पोशाखाचा नव्हे, दिव्याचा आहे. परंतु दुचाकींची गर्दी असलेल्या देशातही दृश्यमानता वाढविल्याने लाभ होतो, हे त्यावरून सिद्ध होते.

६. पार्श्वभूमी व विरोधाचे महत्त्व :

ठळक पोशाखाविषयीचा सर्वसाधारण समज असा, की रंग जितका भडक तितकी सुरक्षितता अधिक. संशोधन मात्र हा समज पूर्णपणे मान्य करीत नाही. इंग्लंडमधील होल, टिरेल व लँगहॅम यांनी इ.स. १९९६ मध्ये आणि इस्राएलमधील गर्शोन, बेन-आशेर व शिनार यांनी इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की पोशाखाचा परिणाम पार्श्वभूमीनुसार बदलतो. इस्राएलमधील अभ्यासात शहरातील गजबजलेल्या रस्त्यावर पांढरा व परावर्तक पोशाख अधिक लवकर लक्षात आला. परंतु शहराबाहेरील मोकळ्या रस्त्यावर, उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळा पोशाख अधिक उठून दिसला.

यामागील तत्त्व सोपे आहे. वस्तू दिसते ती तिच्या रंगामुळे नव्हे, तर तिच्या व पार्श्वभूमीच्या उजळपणातील फरकामुळे. पावसाळ्यात हिरव्यागार झाडीतून जाणाऱ्या कोकणातील घाटरस्त्यावर पोपटी जॅकेट पानांच्या रंगाशी जवळीक साधते. तेथे नारिंगी रंग अधिक उठावदार ठरेल. तोच दुचाकीस्वार मराठवाड्यातील उन्हाळी, फिकट माळरानावरून जाऊ लागला, की गडद रंगही दुरून स्पष्ट दिसतो. प्रवासात पार्श्वभूमी क्षणोक्षणी बदलते. म्हणून सर्व ठिकाणी सर्वोत्तम ठरणारा एकच रंग नाही, हे मान्य करावे लागते. जॅकेटवर फ्लोरोसंट कापड व परावर्तक पट्टी यांच्यासोबत गडद रंगाचे भाग असल्यास कोणत्या ना कोणत्या पार्श्वभूमीवर विरोध साधला जातो.

याच इस्रायली अभ्यासातील आणखी एक निरीक्षण शिक्षकांच्या दृष्टीने मोलाचे आहे. निरीक्षकांना 'मोटारसायकल शोधा' असे आधी सांगितल्यावर त्यांनी जवळजवळ सर्वच मोटारसायकली ओळखल्या. पोशाख कोणता, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे पाहणाऱ्याला सजग करणे हा उपाय पोशाखाइतकाच, किंबहुना त्याहून प्रभावी ठरू शकतो. मोटार शिकविताना 'वळण्यापूर्वी दुचाकी शोधा' ही सवय लावली, तर तिचा लाभ रस्त्यावरील प्रत्येक दुचाकीस्वाराला मिळतो; मग त्याच्या अंगावर जॅकेट असो वा नसो.

७. दिसणे आणि सुरक्षित असणे :

दिसल्यानंतर चालक योग्य तेच वागतो, हेही गृहीत धरता येत नाही. इंग्लंडमध्ये वॉकर व सहकाऱ्यांनी इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकच सायकलस्वार वेगवेगळे सात पोशाख घालून रस्त्यावर गेला आणि मागून ओलांडून जाणाऱ्या मोटारी किती अंतर ठेवतात, हे यंत्राने मोजण्यात आले. साध्या ठळक पोशाखामुळे या अंतरात लक्षणीय वाढ झाली नाही. चित्रीकरण चालू असल्याची सूचना व 'पोलीस' हा शब्द असलेल्या पोशाखाने मात्र अंतर वाढले. चालकांना सायकलस्वार दिसत होताच. परंतु वर्तनात बदल घडला तो उत्तरदायित्वाच्या जाणिवेने. दृश्यमानतेच्या उपायांना कायद्याच्या अंमलबजावणीची जोड का हवी, याचे उत्तर या निरीक्षणात आहे.

८. महाराष्ट्रातील परिस्थिती :

उपरोक्त बहुतेक अभ्यास अशा देशांतील आहेत, जेथे रस्त्यावर मोटारींचे प्राबल्य व दुचाकी तुरळक आहेत. तेथे चालक दुचाकीची अपेक्षाच करीत नाही. महाराष्ट्रात मात्र दुचाकी सर्वत्र आहेत. त्यामुळे 'अपेक्षा नव्हती' हे कारण येथे दुय्यम ठरते आणि रंगीबेरंगी गर्दीत एखादी दुचाकी हरवून जाणे हे कारण अधिक महत्त्वाचे ठरते. सर्वांनीच पोपटी जॅकेट घातल्यास त्याचे वेगळेपण कमी होईल, अशी शंका घेता येते. दिवसाच्या गर्दीत तिच्यात तथ्य आहे. रात्रीच्या महामार्गावर मात्र ती लागू पडत नाही. कारण तेथे प्रत्येक परावर्तक पट्टी स्वतंत्रपणे अंतर दर्शविते.

भारतातील एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश अपघात मागून धडक बसण्याचे असतात. तसेच सायंकाळी ६ ते रात्री ९ या तीन तासांतही सुमारे एक पंचमांश अपघात घडतात. या दोन्ही बाबी परावर्तक पट्टीच्या बाजूने बोलतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबण्यास दीड सेकंद लागतो असे मानल्यास २५ मीटर अंतर तेवढ्यात संपते. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी गाडी थांबण्यास आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण अंतर ४८ मीटर होते. ओल्या रस्त्यावर ते ६० मीटरच्या आसपास जाते. डिपरवर ठेवलेल्या हेडलाइटच्या उजेडात गडद कपड्यांतील व्यक्ती पुष्कळदा एवढ्या अंतरावरून दिसत नाही. परावर्तक पट्टी मात्र याच्या कितीतरी पट अंतरावरून दिसते. हा फरक चालकाला मिळणाऱ्या सेकंदांचा आहे आणि ते सेकंदच जीव वाचवितात.

येथील वापराच्या काही विशिष्ट अडचणी परदेशी संशोधनात आढळत नाहीत. पहिली अडचण मागे बसणाऱ्या व्यक्तीची. दुचाकीवर मागे दुसरी व्यक्ती बसली, की चालकाचे जॅकेट मागून दिसेनासे होते. अशा वेळी परावर्तक पोशाखाची खरी गरज मागे बसणाऱ्यास असते. दुसरी अडचण पाठीवरील सॅकची. विद्यार्थ्याच्या जॅकेटची पाठीमागील पट्टी सॅकखाली झाकली जाते. म्हणून पट्टी सॅकवरच हवी. तिसरी अडचण पावसाळ्याची. आकाश अंधारलेले, काच धूसर आणि दुचाकीस्वाराच्या अंगावर काळा किंवा गडद निळा रेनकोट, अशी स्थिती जून ते सप्टेंबर या काळात सर्रास दिसते. दृश्यमानतेची गरज सर्वाधिक असते तेव्हाच ती सर्वांत कमी होते. जॅकेट आत आणि रेनकोट बाहेर, हा वापर निरर्थक आहे. चौथी अडचण उष्म्याची. मे महिन्याच्या उन्हात कृत्रिम धाग्याचे बंद जॅकेट कोणी फार काळ अंगावर ठेवणार नाही. तेथे जाळीदार बंडी किंवा खांद्यावरून कमरेला येणारा परावर्तक पट्टा व्यवहार्य ठरतो. मळलेली, झिजलेली पट्टी आपला गुण गमावते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

९. कायदा, सक्ती आणि जबाबदारी :

निरनिराळ्या देशांनी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या प्रकारे शोधली आहेत. फ्रान्समध्ये १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या मोटारसायकलस्वारांना परावर्तक पट्टीची सक्ती करणारा इ.स. २०१२ मधील आदेश विरोधानंतर मागे घेण्यात आला. १ जानेवारी २०१६ पासून तेथे परावर्तक बंडी जवळ बाळगणे व आपत्कालीन थांब्याच्या वेळी ती घालणे बंधनकारक झाले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने इ.स. २०१४ मध्ये शिकाऊ दुचाकीस्वारांसाठी अशी बंडी आवश्यक केली. भारताने १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींमध्ये इंजिन चालू असताना हेडलाइट आपोआप चालू राहण्याची व्यवस्था अनिवार्य केली. चालकाच्या स्मरणावर अवलंबून नसणे, हे या व्यवस्थेचे बलस्थान होय.

सक्तीच्या संदर्भात एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो. जॅकेट बंधनकारक झाल्यास, ते न घातलेल्या जखमी व्यक्तीलाच अपघाताचा दोष देण्याची प्रवृत्ती बळावू शकते. हर्ट व 'मेड्स' या अभ्यासांनी दाखविल्याप्रमाणे अनेक अपघातांत मूळ चूक दुसऱ्या चालकाची असते. पाहण्याची जबाबदारी वाहन चालविणाऱ्यावर आहे. दिसण्याचा प्रयत्न ही त्या जबाबदारीला पूरक बाब आहे, पर्यायी नव्हे.

दुसरा मुद्दा प्राधान्यक्रमाचा. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून सिद्ध झाले आहे. इ.स. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५० हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ज्या विद्यार्थ्याकडे हेल्मेट नाही त्याला जॅकेट देणे म्हणजे घराला दार नसताना खिडकीला पडदा लावण्यासारखे आहे. याउलट पांढरे किंवा फिकट रंगाचे हेल्मेट एकाच खर्चात दोन्ही गरजा भागविते. ते उंचावर असते, सॅकखाली किंवा रेनकोटखाली झाकले जात नाही आणि मागे बसणाऱ्यामुळे सहसा पूर्णपणे आडही होत नाही.

१०. निष्कर्ष :

१) ठळक व परावर्तक पोशाखामुळे दुचाकीस्वाराची सुरक्षितता वाढते, असे मानण्यास पुरेसा आधार आहे, मात्र लाभाचे नेमके प्रमाण अनिश्चित आहे.
२) फ्लोरोसंट कापड दिवसा व परावर्तक पट्टी रात्री उपयोगी पडते, एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.
३) परिणाम रंगापेक्षा पार्श्वभूमीशी असलेल्या विरोधावर व प्रकाशाच्या दिशेवर अवलंबून असतो.
४) दृष्टीच्या मार्गातील अडथळा व वेगाचा चुकीचा अंदाज यांवर पोशाखाचा इलाज चालत नाही. म्हणून फाट्यावर, चौकात व मोठ्या वाहनाशेजारी 'आपण दिसत नाही' असे गृहीत धरूनच दुचाकी चालविणे इष्ट.
५) भारतीय परिस्थितीत रात्री मागून येणाऱ्या वाहनाला दिसणे ही सर्वांत निकडीची गरज आहे.

११. सूचना :

महाविद्यालयांनी प्रथम हेल्मेटचा आग्रह धरावा आणि खरेदीच्या वेळी फिकट रंग निवडण्यास सुचवावे. निधी मर्यादित असल्यास सर्वांना जॅकेट देण्याऐवजी हेल्मेटच्या मागील बाजूस व सॅकवर लावण्याच्या परावर्तक पट्ट्या द्याव्यात. वाहनतळावर वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, दुचाकींचे मागचे दिवे, ब्रेकचे दिवे व इंडिकेटर तपासावेत. बंद पडलेल्या मागच्या दिव्याची भरपाई कोणतेही जॅकेट करू शकत नाही. सायंकाळच्या वर्गांना येणारे विद्यार्थी व रात्रपाळीचे कर्मचारी यांना जॅकेटसाठी प्राधान्य द्यावे. गडद रेनकोटवर घालता येईल अशी बंडी सुचवावी. चारचाकी चालविणाऱ्या प्राध्यापक व कर्मचाऱ्यांसाठीही वळण्यापूर्वी दुचाकी शोधण्याच्या सवयीचे प्रशिक्षण ठेवावे. जॅकेटची सक्ती मात्र करू नये.

समारोप :

रस्ता सुरक्षा अभियानात वाटलेले जॅकेट छायाचित्रापुरते अंगावर येते आणि नंतर घरात खुंटीवर टांगले जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ते का, केव्हा आणि कोठे घालावयाचे, हे विद्यार्थ्याला कळले तरच ते खुंटीवरून खाली उतरेल. तसेच ते घातल्याने आपण सुरक्षित झालो असा भ्रमही त्याच्या मनात राहता कामा नये. दिसणे हे दुचाकीस्वाराच्या हाती असलेल्या अनेक उपायांपैकी एक आहे आणि पाहणे हे इतर सर्वांचे कर्तव्य आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात, एकाच वेळी शिकविल्या जाणे गरजेचे आहे.